याकोबदादांची तिसरी परीक्षा

आम्ही चर्चचे जुने पाळक कुणाच्या लग्नात भेटलो की जेवण राहतं बाजूला आणि साहेबांच्या क्लासचे किस्से सुरू होतात. पन्नासच्या दशकातली गोष्ट, पण दरवर्षी त्यात एखादी भर पडतेच. ती बहुधा मीच घालतो.

साहेब म्हणजे आमचे गोरे मिशनरी. दोन वर्षं मायदेशी राहून ते देवळीला परतले, ते आम्हाला बायबल शिकवायला तयार करण्यासाठी. पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठीत म्हणाले, "मी परत जाण्यासाठीच आलो आहे. पुढे मंडळी तुम्हीच सांभाळायची."

मागून याकोबदादा हळूच म्हणाले, "मंग पेट्या काऊन उघडून राह्यले, साहेब?"

दादा अल्लीपूरचे प्रचारक. बांधावर बसून तासभर बोलतील, पण साहेबांसमोर उपदेशाला उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची. या उपदेशाच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदाही तेच झालं, तर अल्लीपूरला दुसरा पाळक येणार होता. ज्या माणसांच्या सुखदुःखात अकरा वर्षं घालवली ती सोडायची, या विचाराने दादांना अन्न गोड लागेना.

एकदा साहेबांनी अल्लीपुरात पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगितला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर. पेरणीच्या नळीतून, बांबूच्या सरत्यातून, एकेक दाणा तासात म्हणजे सरीत सोडणारी माणसं ती! एक म्हातारी उठलीच. "साहेब, असा मानूस आमी वावरात नाई घुसू देत. त्याले माह्याकडे पाठवा, मी शिकवतो."

साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी तिच्याच वावरात ते सरता धरून चालत होते. तास वाकडंच गेलं.

उपदेशाचे तीन मुद्दे करा, असा साहेबांचा नियम. मी देवळीत ऐटीत म्हणालो, "आता तिसरा आणि शेवटचा मुद्दा." झालं, बायकांनी पोरं काखेत घेतली, पुरुष चपला शोधू लागले. तो मुद्दा मी भिंतीला सांगितला. साहेब म्हणाले, "शेवटचा आहे हे फक्त देवाला कळू द्या."

असं हसवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. फार आठवण येते.

दादांच्या तिसऱ्या परीक्षेला उतारा होता बायबलातल्या ईयोबाचा. त्याचं सगळं गेलं तेव्हा मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही. नेमकी त्याच सकाळी तार आली, साहेबांची आई तिकडे वारली होती. आम्ही म्हटलं, परीक्षा राहू द्या. साहेब म्हणाले, "ठरली आहे, होईल." आणि कागद घेऊन खुर्चीत बसले.

दादांनी अडखळत उतारा वाचला. पुस्तक मिटलं. मग पुढे जाऊन साहेबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. गेली पुन्हा जीभ, असं मला वाटलं आणि मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा साहेबही खुर्ची सोडून खाली बसलेले, दादांच्या खांद्याला खांदा लावून.

शेजारच्या शाळेची जेवणाची घंटा झाली तेव्हा दादा उठले. "झाला उपदेश, साहेब."

साहेबांनी कागदावर 'पास' लिहिलं आणि म्हणाले, "याकोबराव, अजून थोडा सांगा."

दादा पुन्हा खाली बसले.