चालून दाखव म्हणाले म्हणून

ये गं, सरक इकडं. माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखी वाच हे. मागं आलतीस तेव्हा पाव्हण्यांसमोर हसलीस ना, "आज्जे, तुला कुठं इंग्रजी येतंय" म्हणून? लई शाणी झालीस अंबाजोगाईच्या कॉलेजात जाऊन. मला येतं इंग्रजी. थोडं येतं, पण येतं ते पक्कं. कसं आलं ते आधी ऐक, मग हस.

निजामाचं राज होतं. कचेरीत उर्दू, घरात मराठी. आमी माजलगावात राहायचो, शेत सिंदफणा नदीच्या काठाला. पोरींना कुणी शाळेत घालत नव्हतं. एका साली शेजारच्या घरात कचेरीतले पेशकार भाड्यानं राहायला आले. पेशकार म्हणजे तहसीलदारापुढं कागद मांडणारा माणूस. त्यांची बायको हैदराबादेत वाढलेली, मडमांच्या शाळेत शिकलेली. आमी तिला वहिनी म्हणायचो. इंग्रजी फडाफडा बोलायची, पण जातं काही तिच्यानं ओढंना. पहिल्याच दिवशी हाताला फोड आले. आईनं मला धाडलं, "जा, दळून दे तिला."

मी गेले, जात्यापाशी बसले आणि म्हणलं, "फुकट दळणार न्हाई. तुमी बोलता ते मला शिकवा."

ती हसली आणि समोर बसली. आमच्याकडं बाया दळताना ओव्या म्हणतात, मी क्रियापद म्हणायची. वॉक, म्हणजे चालणं. खुंटा ओढला की आय वॉक, ढकलला की यू वॉक. 'ही'पाशी आलं की मागं 'स' लागायचा, ही वॉक्स. मी विचारलं, "त्यालाच कावून, बाकीच्यांना का न्हाई?" तर म्हणाली, "तुझ्या आबांना बसताना तक्क्या लागतो ना, तसा ह्याला स लागतो." आबा म्हणजे माझे वडील. कालचं सांगायचं तर वॉक्ड. मग मी असो, तू असो, नाहीतर आबा असोत, सगळ्यांना एकच. मला ते लई आवडलं. उद्याचं सांगायचं तर आधी विल.

नुसतं घोकलेलं तिला चालत नसे. स्वतःचं वाक्य पाहिजे. काल मी नदीवर चालत गेले, आय वॉक्ड टू द रिव्हर. आई रोज शेतात चालत जाती, माय मदर वॉक्स टू द फील्ड. मग म्हणाली, "आता उद्याचं सांग. उद्या कुठं चालत जाणार?" मोठी माणसं नेतील तिकडं जायचं, एवढंच ठाऊक. उद्याचं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच सालच्या हिवाळ्यात स्थळ आलं. मी अकरा-बाराची असंन. निरोपातच बजावलेलं होतं, लग्न लागलं की पोरगी तडक सासरी, आणि शेजारणीकडचं शिकणं आत्तापासूनच बंद. शिकलेली सून त्यांना नको होती. आबांनी मान डोलावली. मला कुणी विचारलं न्हाई. मला मात्र एकच दिसत होतं, ह्यांनी पसंत केलं की माझं शिकणं संपलं.

मुलाचा बाप आला आणि मुलाची म्हातारी आत्या आली. तेव्हा पोरीला पारखायची रीत होती. चालायला लावायचे, लंगडी न्हाई ना बघायला. बोलायला लावायचे, तोतरी न्हाई ना बघायला. बैल घेताना दात बघतात ना, तसंच.

आत्या म्हणाली, "ऊठ गं बाई. त्या खांबापासून उंबऱ्यापर्यंत चालून दाखव. आणि चालता चालता तोंडानं काही बोल."

"काय बोलू?"

"येतं ते बोल."

मग मला येत होतं तेच बोलले. आय वॉक, यू वॉक, ही वॉक्स. मुलाच्या बापाची सुपारी दाढेतच राहिली. आत्या म्हणाली, "हे कुठल्या देवाचं स्तोत्र म्हणायचं?" आबा दबक्या आवाजात म्हणाले, "बस खाली." मी बसले न्हाई. चाल म्हणलं होतं, चालत होते. उंबऱ्यापाशी वळले, वॉक्ड म्हणत खांबापर्यंत आले. तिथून फिरले आणि आय विल वॉक म्हणत उंबऱ्याकडं निघाले. उंबरा आला. मी थांबले न्हाई. अंगणात, अंगणातून गल्लीत, गल्लीतून सरळ वहिनीच्या घरात.

मागून आत्याचा आवाज आला, "चालती झकास. पण हिला थांबायचं कुणी शिकवलेलं दिसत न्हाई."

स्थळ तिथंच मोडलं. पाव्हणे गेल्यावर आबांनी थोबाडीत दिली. "गल्लीत माझं नाक कापलंस."

म्हणलं, "चाल म्हणले, चालले. बोल म्हणले, बोलले."

दुसरी दिली. रडले मी, पण चुकलं असं म्हणलं न्हाई. आजबी म्हणत न्हाई. आबांनी सांगून टाकलं, उद्यापासून शेजारचा उंबरा बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात दात घासत होते, तेव्हा आईनं ज्वारीची पाटी माझ्या डोक्यावर ठेवली आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आपल्या जात्याला टाकी लावायची झाली. पीठ जाडं पडतंय. पाथरवट येईपर्यंत शेजारीच दळावं लागंल."

आबा म्हणाले, "परवा तर चांगलं पडत होतं."

"दळतं कोण, तुमी का मी?"

आबांनी चूळ भरली.

टाकी लावणं म्हणजे जात्याचा गुळगुळीत झालेला दगड टोचून पुन्हा खरबरीत करणं. पाथरवट हाकेच्या अंतरावर राहायचा. पेशकारांची बदली होईपर्यंत आईनं त्याला काही हाक मारली न्हाई. तोवर मी दोन्ही घरचं दळण वहिनीच्या जात्यावर दळलं, आणि वॉकच्या मागं टॉक आलं, वॉश आलं, कुक आलं, ओपन आलं. आबा रोज भाकर खायचे आणि पीठ कुठलं ते विचारायचे न्हाईत.

आता माझे गुडघे धरलेत, तुझ्याकडं यायचं म्हणलं तरी होत न्हाई. तूच ये. सुट्टी लागायची वाट बघू नको, ह्याच रविवारी ये. घरी कुणी कावून म्हणलं तर आज्जीनं बोलावलंय एवढंच सांग आणि नीघ.