सहा फुटी पोरीची सायकल

उंच मुलींनो, आजचं हे खास तुमच्यासाठी.

आईला सोबत घेऊन सात रस्त्याजवळच्या दुकानात वाकून चालवायची ती रोड सायकल घ्यायला गेले. दुकानदारांनी विचारलं, "उंची किती, ताई?"

"पाच फूट नऊ," मी सवयीनं म्हणाले. मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आमच्या घरी हीच उंची सांगतात. खरी सहा फूट आहे.

त्यांनी चोपन्न साइजची फ्रेम काढली. बसले तर गुडघे कोपरांना लागायला लागले. "सीट वर घेऊ का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणणार, एवढ्यात आई खुर्चीवरून उठली.

"सीट कशाला? सायकलच मोठी द्या की! सहा फूट हाय माझी पोरगी. तीन इंच मीच कमी सांगायला लावते."

अख्खं दुकान बघायला लागलं. आई मात्र ताठ उभी.

अठ्ठावन्नच्या फ्रेमवर बसले आणि हातपाय आपोआप जागेवर गेले. आजवर लोकांसाठी वाकत आले, आज पहिल्यांदा हौसेनं वाकले.

घरी येताना आई म्हणाली, "आता पाहुण्यांनाबी सहाच सांगायचं."

तुमची उंची किती? खाली लिहा. एक इंचही चोरायचा नाही!