तुतीला वळसा घालणारी रेघ

कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी मास्तर उजव्या हाताचं बोट जमिनीकडे करायचे आणि विचारायचे, "इथल्यांना विचारलं का?"

फाटकाजवळचा मोडका बाक हलवायचा ठरला, तेव्हा हेच. पाण्याचा पाइप दुसरीकडून न्यायचा ठरला, तेव्हाही हेच. एकदा मी जानेवारीत पालापाचोळ्याचा ढीग उपसायला घेतला, तर कुंपणापलीकडून बोट आलंच.

"इथं कोण राहतं?" मी वैतागून म्हटलं.

"इगेल. छोट्या साळिंदरासारखा, काट्यांचा. एप्रिलपर्यंत झोपलेला असतो."

मी फावडं खाली ठेवलं. इगेलला कसं विचारायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मास्तर हे माझ्या मनातलं नाव. बागेत सगळे त्यांना 'हेर लेहरर' म्हणायचे, म्हणजे तेच. युफ्रेटिसच्या काठी, जिथे सीरिया संपतो आणि इराक सुरू होतो, तिथल्या एका गावात त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता. साठी उलटल्यावर लढाईनं त्यांना आणि त्यांच्या बायकोला इथे जर्मनीत आणून टाकलं. आमची ओळख एश्बॉर्नजवळच्या क्लाइनगार्टनमध्ये झाली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना भाड्यानं मिळणारे बागेचे तुकडे, एकाला लागून एक, प्रत्येकात लाकडी खोपटं. ते चालवणारी संस्था असते आणि संस्थेचे नियम असतात. कुंपण किती उंच, भाजी किती, रविवारी दुपारी मशीन बंद. मला नियम आवडतात. म्हणून दुसऱ्याच वर्षी मी सचिव झाले.

माझा तुकडा मास्तरांच्या शेजारचा. ते मला 'फ्राऊ नाखबारिन' म्हणायचे. शेजारीणबाई. त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा हळू होतं आणि माझ्यापेक्षा शुद्ध.

त्यांच्याकडे कलिंगड खायला जाणं ही एक परीक्षा असायची. सुरी हातात घेऊन ते प्रत्येकाला विचारायचे, मधला हवा की कडेचा, जाड की पातळ. सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय कलिंगडाला सुरी लागायची नाही. माझा नवरा म्हणायचा, "अगं, यांच्याकडे घरून खाऊन जात जाऊ या."

कलिंगड खायचं ते तुतीखाली. ती तुती त्यांच्या बायकोनं पहिल्याच वर्षी लावली होती, तिच्या माहेरच्या अंगणात होती म्हणून. तीन वर्षांनी बाई गेल्या. तुती वाढली. मास्तरांची खुर्ची मग तिथून हललीच नाही.

त्या खुर्चीत बसून त्यांनी मला ती वाटणी सांगितली. बियांच्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं नकाशा काढला.

"दोन साहेब होते. एक इंग्रज, एक फ्रेंच. पहिलं महायुद्ध चालू होतं. तुर्कांचं राज्य अजून पडलंही नव्हतं, आणि यांनी आमचा मुलूख रंगवून टाकला. निळा फ्रान्सचा, तांबडा इंग्लंडचा. रशियानं मान डोलावली, त्याला त्याचा वाटा मिळणार होता. आणि त्याच वेळी अरबांना सांगत होते, आमच्या बाजूनं लढा, तुमचं राज्य तुम्हाला देतो."

"मग कळलं कसं?"

"रशियात क्रांती झाली. नव्या सरकारनं जुन्या सरकारचे खण उघडले आणि गुप्त कागद छापून टाकले. आमची वाटणी आमच्या लोकांना पेपरात वाचून कळली, फ्राऊ नाखबारिन."

मी म्हटलं, म्हणजे तुमच्या गावाजवळची सीमा ती हीच. ते एकदम ताठ झाले, वर्गात कुणी चुकल्यासारखे. "नाही! आजची सीमा नंतर आखली, दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या टेबलावर. दर वर्षी मी हे परीक्षेत विचारायचो. दर वर्षी अर्धा वर्ग चुकायचा."

"मग फरक काय पडला?"

"रेघ बदलली. पद्धत तीच राहिली."

त्यांच्या आजीचं घर एका बाजूला राहिलं आणि भावांची खजुराची झाडं दुसऱ्या बाजूला. सख्ख्या भावाच्या लग्नाला ती शिक्का मारलेला कागद घेऊन गेली. "आजी म्हणायची, मी कुठेच गेले नाही. माहेरच परदेशात गेलं."

मी सहज बोलून गेले की माझे पणजोबा त्या युद्धात इराकमधल्या बसऱ्याकडे गेले होते, इंग्रजांच्या पलटणीतून. साताऱ्याकडच्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढंच तिच्यावर लिहिलंय. नावं नाहीत.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्यांना विचारलं होतं?"

मला माहीत नव्हतं. रविवारी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "त्या काळी कोण विचारतंय गं? पलटणीचा माणूस आला, धडधाकट पोरं घेऊन गेला." मी मास्तरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही."

आता माझी गोष्ट सांगते. ती फार चांगली नाही.

बागेसाठी थांबलेल्यांची यादी लांबत चालली होती आणि संस्थेतले चार जुने तुकडे दुप्पट मोठे होते. त्यातला एक मास्तरांचा. कमिटीनं ठरवलं, या चारांचे दोन-दोन भाग करायचे. रेघा आखायचं काम मी मागून घेतलं. ऑफिसात मी हेच करते, मोठं काम घ्यायचं आणि तुकडे पाडून माणसांना वाटायचं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी कॉफी घेऊन लॅपटॉपसमोर बसले.

"झालं का राज्य वाटून?" नवऱ्यानं विचारलं.

"अर्ध्या तासात."

"गेनाऊ. अगदी काटेकोर. जर्मन झालीस तू."

चार सरळ रेघा, समसमान भाग. कमिटीत दहा मिनिटांत मंजूर झाल्या, अध्यक्षांनी कौतुक केलं. पत्रं मीच पाठवली. मास्तरांचंही. नकाशात फक्त कडा होत्या, झाडं नव्हती. पण मी चार उन्हाळे त्या तुतीखाली बसले होते, तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मार्चमध्ये मास्तर पत्र घेऊन माझ्या फाटकाशी आले. आवाज चढला नव्हता. "जरा येता?"

मला त्यांनी त्यांच्या खोपटात उभं केलं. "दार उघडा." मी ढकललं. दार बाहेर उघडलं, आणि जिथे उघडलं ती जागा पत्राप्रमाणे आता दुसऱ्याची होती. नळ दुसऱ्याचा. तुतीच्या बुंध्यातून तर माझी रेघ आरपार जात होती.

"मी घराबाहेर पाय टाकला की परदेश," ते म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत. बोट जमिनीकडे गेलं, पण या वेळी वाक्य आलं नाही.

मी लगेच कामाचं बोलायला लागले. हरकत घ्यायला अजून मुदत आहे, अर्ज मी लिहून देते, नुसती सही करा.

"अर्ज नको. आमच्या आजोबांच्या पिढीनं पुष्कळ अर्ज केले. तुम्ही विचारा."

"काय विचारू?"

"जे आधी विचारायचं राहिलं."

चिखलाच्या बुटांत मी तशीच उभी राहिले. मीटिंगांत मी बोलायला कधी अडखळत नाही. तिथे अडखळले. "मास्तर," चुकून मराठीच निघालं, मग जर्मनमध्ये म्हटलं, "तुमची निम्मी बाग एका कुटुंबाला द्यायची आहे. द्याल का? कुठून देता?"

"कुणाला?"

हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, इस्पितळातली एक पोलिश नर्स, दोन मुली, तीन वर्षं यादीत आहे.

"मग त्यांनाही बोलवा. एकट्याला विचारून कसं चालेल?"

रविवारी नर्स आली. तिच्या मुलींनी बाग एकदा पाहिली आणि सरळ तुतीवर चढल्या. मास्तर खाली उभं राहून बघत होते. मग त्यांनी घेवड्याच्या वेलांची दोरी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि चालायला लागले. दोरी खोपटाच्या दाराला सोडून गेली, नळापाशी आली. नळ दोघांत. तिथून तुतीकडे वळली आणि झाडाला वळसा घालून कुंपणाला भिडली.

"मास्तर, तुती तिकडे गेली."

"दिसतंय मला."

"अहो, पण ती तुमच्या बायकोनं..."

"हो." ते दोरीची गाठ मारत होते. "मला ती माझ्यासाठी राखायची नव्हती, फ्राऊ नाखबारिन. विचारलं असतंत, तर फेब्रुवारीतच दिली असती."

मी दोरीचं माझं टोक खुंटीला बांधलं.

अध्यक्ष कुरकुरले, असली वाकडी हद्द त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पावलांनी मोजलं तर नर्सचा भाग मोठा निघाला. मी नकाशा बदलला, पुन्हा मतदान घेतलं. बाकीच्या तीन तुकड्यांवरही जाऊन आले. तिथेही दोन रेघा हलल्या.

तो एक उन्हाळा मास्तर दोरीच्या अलीकडे खुर्ची टाकून बसले. तुतीची एक फांदी दोरी ओलांडून त्यांच्याकडे यायची, तिच्या सावलीत. मुली रोज वाटीभर तुत्या त्यांच्या पायरीवर ठेवायच्या. ते वाटी धुऊन परत करायचे.

डिसेंबरात ते गेले. दफनाला मी होते. प्रत्येकानं तीन मुठी माती टाकायची असते, ती टाकली. जमीन गोठली होती, ढेकळं नीट फुटत नव्हती.

आता पुन्हा तुत्या पिकल्यात. त्यांचा भाग कुणाला द्यायचा, ते पुढच्या बैठकीत ठरेल. अध्यक्ष म्हणतात, या निमित्तानं रेघ सरळ करून घ्या. मी नकाशा उघडलेला नाही. आधी नर्सकडे जायचंय.

परवा बागेत गेले, तर मुलींनी सवयीनं वाटी दोरीपलीकडे, मास्तरांच्या पायरीवर ठेवलेली होती. संध्याकाळपर्यंत निम्म्या तुत्या पक्ष्यांनी खाल्ल्या. पायरीवर जांभळे डाग पडले होते. निघताना मी दोघांतल्या नळावर वाटी धुतली आणि मुलींना परत दिली.