मोठं गोदाम, अरुंद दार

घरातलं कुणी काही विकत घ्यायला निघालं की मामांच्या पायांत आपोआप चपला चढत. मामीही "कुठे निघालात?" असं विचारत नसत, "आज कुणाचं नशीब?" एवढंच विचारत. शेजाऱ्यांचा फ्रिज, व्याह्यांची गादी, साडूंच्या कानाचं यंत्र, सगळं मामांच्या सल्ल्यानं आलेलं. सल्ला फुकट असे आणि नाकारायची सोय नसे. ते यंत्र लावल्यापासून साडूंना पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतं, असं त्यांची बायको सांगे. पण साडूंनी कधी तक्रार केली नाही, आणि मामा वर म्हणायचे, "बघा, संसार सुखाचा झाला की नाही!"

मामांनी उभी हयात एका कारखान्याच्या गोदामावर काढली होती. पोत्यावर पोतं, खोक्यावर खोकं. त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न शेवटी जागेचाच असतो, असं त्यांचं ठाम मत झालेलं. कपाट घ्यायचंय? मोठं घ्या. पातेलं? मोठं घ्या. जागा उरली तर बिघडत नाही, सामान उरता कामा नये.

अशा मामांच्या भाचीनं, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीनं, चांगली नोकरी सोडून ड्रोन घेतला. वरून चित्रीकरण करून द्यायचा धंदा करणार म्हणाली. बहीण रडकुंडीला आली, मेहुण्यांनी अबोला धरला. तिच्या बाजूनं बोलणारे एकटे मामा. "अगं, पोरगी बुडेल म्हणून काय रडतेस? उडणाऱ्याला बुडायची भीती असते होय?" म्हणाले. हे त्यांच्या खात्यावर आधीच लिहून ठेवलेलं बरं, कारण पुढे जमा काही होणार नाही.

भाचीला पहिलं काम दिलं एका पाडकामाच्या ठेकेदारानं. लोक बांधून नाव काढतात, यानं पाडून काढलं होतं. एका बंद कारखान्याची उंच चिमणी सुरुंग लावून आडवी करायची होती. शेजारच्या भिंतीचा टवकाही न उडता ती कशी नेमकी पडली, हे त्याला वरून टिपलेलं हवं होतं. ते दाखवून त्याला पुढची कामं मिळणार होती, आणि तो खूश झाला तर त्या प्रत्येक कामावर भाचीचा ड्रोन उडणार होता.

आता हवं होतं ड्रोनच्या कॅमेऱ्यात घालायचं मेमरी कार्ड. भाची निघाली; मामांच्या चपला चढल्या.

दुकानात भाचीनं सरळ सांगितलं, "व्ही तीसची खूण असलेलं दाखवा. माहितीपत्रकात तेच लिहिलंय."

"त्यात मावतं किती?" मामा.

"एकशे अठ्ठावीस जीबी," दुकानदारानं कार्ड काचेवर ठेवलं.

"आणि ते मागचं?"

"ते पाचशे बारा. पण काका, त्याच्यावर ती खूण—"

"खूण काय चाटायचीय? अहो, चिमणी केवढी उंच आहे बघितलीत का? मावायला नको?"

दुकानदार हसला. भाचीही हसली. मग तिनं एकदा त्या खुणेच्या कार्डाकडे बघितलं, एकदा मामांकडे, आणि मामांचं कार्ड घेतलं. सगळं घर विरोधात असताना जो माणूस पाठीशी उभा राहिला, त्याला नखाएवढ्या वस्तूवरून काय दुखवायचं, असं तिला वाटलं असणार.

गच्चीवर तिनं ड्रोन उडवून पाहिला. झाडांना पाणी घालणारे मामा सुरेख टिपले गेले, टकलासकट. मामांची छाती फुगली. ड्रोनबरोबर आलेलं जुनं छोटं कार्ड तिनं पिशवीत टाकलं, तर तेही त्यांनी काढून घरी ठेवायला लावलं. "सुटं सामान हरवतं."

चिमणी पाडायच्या दिवशी मामा पिवळं शिरस्त्राण घालून हजर. फाटकावरच्या रखवालदारापासून सुरुंगवाल्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं, "उडवते ती, पण तांत्रिक बाजू मी बघतो." ठेकेदारानं भाचीला बजावलं, "मोठ्या पडद्यावर दाखवायचंय. एकदम वरच्या दर्जाचं पाहिजे." तिनं कॅमेरा तसा लावला आणि ड्रोन वर गेला.

भोंगा वाजला. चिमणी कमरेत किंचित वाकली, क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि मग सबंधच्या सबंध आडवी झाली. शेजारची भिंत जशीच्या तशी. टाळ्या पडल्या. मामांनी तर आपणच पाडल्यासारख्या वाजवल्या.

भाची टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या हातातल्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती: कार्डाचा वेग कमी, चित्रीकरण थांबलं. थांबलं होतं ते भोंग्याच्याही आधी. तिची नजर चिमणीवर, कोपऱ्याकडे लक्ष गेलं नाही. कार्डावर चिमणी अजून ताठ उभी होती.

ठेकेदारानं ते बघितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे विचारलं, "कार्ड कुणी निवडलं?"

"मी," भाची म्हणाली.

मामा हातभर अंतरावर उभे होते. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. फ्रिजपासून गादीपर्यंत कुठेही न अडखळलेली त्यांची जीभ टाळ्याला जी चिकटली ती चिकटलीच. ठेकेदार मान हलवून निघून गेला. मामांनी शिरस्त्राण काढून उगाच आत बघितलं, जणू बोलायचं ते तिथे राहिलं होतं.

परतताना स्कूटरवर मागे बसून त्यांनी हळूच विचारलं, "एवढी जागा होती, तरी?"

"जागा होती रे मामा. पण व्ही तीस म्हणजे जागा नव्हे, वेग. दर सेकंदाला आत किती घेऊ शकतं तो. घरी साधं चित्रीकरण केलं, तेवढं त्याला झेपलं. आज माल जास्त आला."

हे मामांना कळत होतं. नव्हे, जगात कुणाला कळत असेल तर त्यांनाच. कारखान्यानं एकदा भलंमोठं नवं गोदाम बांधलं आणि दार ठेवलं एवढंसं. आत मैदान मोकळं, बाहेर ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत. तेव्हा इंजिनिअरला भर उन्हात उभं करून मामाच गरजले होते, "गोदाम पोटावरून मोजू नका साहेब, दारावरून मोजा!" आणि आज दुकानात दाराची खूण समोर ठेवलेली असताना त्यांनी पोट मोजलं.

घरी आल्यावर मामींनी वाढता वाढता सगळी हकीकत काढून घेतली. मामा पानावर नुसतेच बसून राहिले.

"तिनं 'मी' म्हटलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच."

"मग?"

"तिथेच होतो," मामा म्हणाले. मामींनी पुढे विचारलं नाही. त्यांनी विचारावं, चार शब्द सुनवावेत, असं मामांना फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी दाढीबिढी करून ते एकटेच ठेकेदाराच्या कचेरीत गेले. खुर्चीवर न बसता, एका दमात सगळं ओकले. कार्ड मी घ्यायला लावलं, ती बरोबरच मागत होती, तिचा काही दोष नाही.

ठेकेदारानं चष्मा काढला. "म्हणजे तिला ठाऊक होतं कुठलं लागतं ते?"

"अगदी! तोंडपाठ!"

"आणि तरी तुमचं ऐकलं."

"हो... म्हणजे तसं..."

"काल मला वाटलं, पोरगी नवीन आहे, चुकली. आज कळलं, कळत असून चुकली. उद्या माझ्या कामावर कुठल्या काकाचं ऐकेल, कुणी सांगावं?"

मामा कचेरीचा जिना उतरले. काल त्यांच्या न बोलण्यानं तिचं जेवढं गेलं होतं, त्याहून जास्त आज बोलण्यानं गेलं होतं. आता हेही तिला सांगायला हवं होतं.

भाची ड्रोनचे पंखे पुसत बसली होती. तिनं पुसायचं न थांबवता सगळं ऐकलं.

"तुला कुणी सांगितलं होतं रे जायला?"

"मला वाटलं—"

"बोलायचं होतं तेव्हा गप्प बसलास. गप्प बसायचं तेव्हा बोलून आलास."

"चुकलं माझं." हे वाक्य मामांच्या तोंडाला इतकं नवं होतं की त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

भाचीनं फडकं झटकलं. "आता मलाच जायला हवं."

"मी येतो."

"ये. पण फाटकाबाहेर थांबायचं."

ठेकेदार त्या कारखान्यावर राडारोडा उचलून घेत होता; मामा तिथल्या फाटकाबाहेर थांबले. नेमका तोच रखवालदार तिथे होता. त्यानं ओळखलं, स्टूल पुढे केलं. "बसा साहेब. बरे भेटलात. मुलीला मोबाईल घ्यायचाय, कुठला घेऊ?"

मामांच्या घशापर्यंत उत्तर आलं. मोठा घ्या. ते त्यांनी गिळलं.

"मला त्यातलं कळत नाही."

रखवालदार खो खो हसला. "काय चेष्टा करता! त्या दिवशी सगळ्या साइटला सांगत होता की तांत्रिक बाजू तुमची म्हणून. मोठी माणसं असंच म्हणतात."

"नाही हो. खरंच कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं."

रखवालदाराचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं मामांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग भलताच कामात असल्यासारखा फाटकाची कडी तपासू लागला. मामा स्टुलावर आक्रसून बसले. उठावं तरी पंचाईत, बसावं तरी पंचाईत.

बऱ्याच वेळानं भाची बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात एक भिंत पाडायचीय. छोटीशीच. एकदा बघतो म्हणाले."

"बरं."

"कार्ड मी आधीच घेऊन ठेवलंय."

मामा स्टुलावरून उठले. कुठलं घेतलंस, किती मावतं, कितीला पडलं, सगळे प्रश्न ओठांशी दाटीवाटीनं उभे होते. त्यांनी एकालाही बाहेर सोडलं नाही. भाचीनं स्कूटर चालू केली आणि ते मुकाट्यानं मागे बसले.