शिबिराला न जाणाऱ्या बाई

आमच्या शाळेचं निवासी शिबिर दरवर्षी आंजर्ल्याला समुद्राकाठी भरतं. त्याआधी आईबापांना तयार करायचं काम या बाईंकडे असतं. मलाही त्यांनीच शिकवलंय. त्या शब्द असे लांबवतात, की वाटतं ओहोटीचं पाणी सावकाश मागे सरतंय. "पिशवी पोरीनं भरायचीऽ. आईनं हात लावायचा नाहीऽ." तरी आया गोधडीच्या घडीत आंबापोळी लपवतातच. बाई घडी चाचपतात, गालात हसतात आणि आंबापोळी तिथेच राहू देतात.

यंदा माझी लेक पहिल्यांदाच निघाली. गाडी वळणाआड गेली, तरी बाई फाटकातच उभ्या.

"तुम्ही नाही जात?"

"मी कशाला? पोरांना बघायला तिकडे माणसं आहेत."

संध्याकाळी घर अंगावर येऊ लागलं. कोथिंबीर आणायला म्हणून निघाले आणि पाय शाळेकडे वळले. पडवीतल्या बाकावर बाई अबोलीचा गजरा करत बसल्या होत्या. शेजारी दोन आया आणि बोटीवरून सुटीला आलेला एक बाप. लांबून समुद्राची गाज येत होती. डोळे मिटले की ती आंजर्ल्याचीच वाटावी.

"सहज आले होते," मी म्हटलं.

"होय तर. हे पण सगळे सहजच आलेत." बाईंनी सरकून जागा केली. "बस गो. तुझ्या चहाचं आधण मघाशीच ठेवलंय."