इंजिनाची शिटी

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ कानाची यंत्रं दुरुस्त करतात आणि प्रत्येक यंत्राला 'बाई' म्हणतात. माझ्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनात आवाजाची चिप बसवण्यात मी तीन रविवार घालवले आणि एक चिप जाळली. त्यांनी "थांब गं बाई, हलू नकोस," म्हणत अर्ध्या तासात तारा सोल्डर केल्या.

शिटी वाजली. इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले माझे बाबा खोलीतून उठून आले आणि शेजाऱ्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झकास! अगदी आमचंच इंजिन!"

माझ्या पाठीवर तो हात कधी पडलेला आठवत नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

"काका, अवघड काम यांनीच केलं होतं," शेजारी सहज खोटं बोलले.

बाबा माझ्याकडे वळून हसले. मी गप्प राहिलो.