मिळून बसायची खोली

त्या इमारतीत निम्मे पैसे सरकारचे होते आणि अटी मात्र सगळ्या सरकारच्या. पूर्ण किमतीची आणि सवलतीची घरं एकाच जिन्यावर हवीत, दारं सारखी हवीत, आणि तळमजल्यावर सगळ्यांनी मिळून बसायला एक खोली हवी. खोली झाली, खुर्च्या आल्या. माणसं सोडून सगळं वेळेवर आलं.

खोलीची किल्ली आयाबाईंकडे. हॉस्पिटलात आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली. निवृत्तीनंतर सवलतीच्या घरात एकट्याच राहायच्या. रोज संध्याकाळी खोली उघडायच्या, खुर्च्या पुसायच्या आणि निदान एक तरी वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर स्वतः बसायच्या.

शेजारी वाईट नव्हते. लिफ्टमध्ये गोड हसायचे. पण चौकशी कुणी करायचं नाही. बोलता बोलता कुणाचं घर कुठल्या किमतीचं ते कळलं तर?

बाईंचा जीव मात्र शेजारच्या मोकळ्या जागेत अडकला होता. तिथे दुसरी इमारत व्हायची होती, आणि धाकट्या बहिणीने तिथल्या घरासाठी अर्ज केला होता. पण इथले लोक खरंच मिसळतात का हे अधिकारी येऊन बघणार, मगच पुढचे पैसे सुटणार.

बाई दारोदार फिरल्या. "अहो, तासभर या हो. बोलू नका हवं तर, पण बसा तरी!"

सगळे आले आणि फोटोला बसल्यासारखे बसले. अधिकारी मॅडमचं पेन हलेना. शेवटी शांतता असह्य होऊन दातांचे डॉक्टर बेकरीवाल्याला म्हणाले, "तुमचे बूट लिफ्टसमोरून जरा हलवाल का?"

"आणि तुमची सायकल जिन्यात उभी असते, ती काय पाहुणी आहे?"

"सायकलीला वास तरी येत नाही!"

मग काय, बांध फुटला. कुणाचा कुत्रा, कुणाचा गळका नळ, कुणाच्या पोराचा ढोल! मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "आमच्या माहेरच्या बिल्डिंगची आठवण झाली," म्हणाल्या आणि पसंतीचा शेरा मारून गेल्या.

मंडळी भांडतच वर गेली, पण एकत्र गेली. खुर्च्या लावताना बाईंच्या लक्षात आलं, की एवढ्या कल्लोळात त्यांच्याबद्दल एक तक्रार नाही. त्यांच्या घरातून आवाज म्हणून कधी येतच नव्हता.

घरी येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला. "अगं, झालं काम! आता तुझं घर होणार!"

"ताई... अर्ज मी मागेच काढून घेतला गं. लेक म्हणाली, आमच्याकडेच राहा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू भांडली असतीस."

"असतेच! जन्मभर तुझ्याशीच भांडत आलेय. इथे आहे कोण दुसरं?"

बहीण म्हणाली, "ठेवते हं. नात उठली वाटतं."

वरच्या मजल्यावर सायकलीचा विषय अजून चालूच होता. बाई दार किलकिलं करून ऐकत उभ्या राहिल्या. त्यांना डॉक्टरांचंही पटत नव्हतं आणि बेकरीवाल्याचंही. त्यांचं स्वतःचं असं एक मत होतं. पण विचारतंय कोण!